बादलीवाली

किंतेरोच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
बाबा इंजिनाला शिव्या घालतात,
मग हलकेच थोपटतात.
मी मुशीची कलेजी चिरते. तीन बादल्या.
वास असा मुरलाय अंगात
की शाळेत माझ्या शेजारची जागा
वर्षभर रिकामी राहायची.

आज चौघे आहेत.
सान्तियागोचं एक जोडपं, धक्क्यावरच हिरवं पडलेलं;
दातांचे डॉक्टर उरिबे, ज्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीत
आमची होडी दोनदा विकत येईल;
आणि इस्मेनिया बाई,
ज्यांनी मला भूगोलात नापास केलं होतं.

बाईंच्या नजरेत मधोमध काळा डाग पडलाय.
कडेकडेचं तेवढं दिसतं.
तरी दर महिन्याला येतात, वही घेऊन,
आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसतात.
'तू कुठे आहेस ते शोधावं लागत नाही गं.'

कारखान्यांची धुराडी मागे
बोटाएवढी होतात, मग काडीएवढी, मग नाहीत.
पाणी हिरव्याचं निळं होतं, निळ्याचं शाईसारखं.
'खालची जमीन संपली,' बाई म्हणतात,
'आता नुसता उतार.'
त्यांना पोटातून कळत असावं.

मी पहिली बादली ओतते.
तेलाचा तवंग पसरतो, लाटा जरा नरमतात.
काहीच नाही.
पाच मिनिटं काहीच नाही.
डॉक्टर घड्याळ बघतात,
जणू पाखरांनी अपॉइंटमेंट घेतलीय.

मग आधी ती चिमणीएवढी पेट्रेलं,
पाण्यावर पाय आपटत,
तापल्या तव्यावर चालल्यासारखी.
मग शिअरवॉटर, काळ्या रेघा.
आणि मग, कुठूनही न येता,
नुसता आहेच, असा
अल्बट्रॉस.

एक पंख लाटेला टेकेल न टेकेल,
दुसरा आभाळात.
फडफड नाही. वाऱ्याशी त्याचा जुना व्यवहार,
घासाघीस लागत नाही.
जोडप्यातली मुलगी ओकता ओकता थांबते.

'किती?' बाई विचारतात.
'बेचाळीस,' डॉक्टर ओरडतात. 'नाही, एक्केचाळीस.'
बाई लिहितात. ओळीवर ओळ चढते.
मग मान जराशी वळवून, त्यांच्या कडेच्या नजरेनं:
'आणि तांडेल, तुमचे?'

बाबा कधीच उत्तर देत नाहीत.
पक्षी आले की त्यांना इंजिनात काहीतरी काम निघतं.
सतरा वर्षं ते तलवारमाशामागे होते,
मैल मैल दोर, दोराला हजार गळ,
आणि गळाचं आमिष माशांच्या आधी ज्यांना दिसायचं
ते पहाटे वर यायचे,
पाणी पिऊन जड, भिजलेल्या गादीसारखे.
हे मला आईनं सांगितलंय. तेही एकदाच.

आज सुकाणूवरून बाबा म्हणाले,
'एकशे बारा.'

डॉक्टर हसले. 'अहो, एवढे कुठले!'
दुर्बीण फिरवून पुन्हा मोजू लागले.
बाई हसल्या नाहीत.
पान उलटलं, कोऱ्या कागदावर
बोटानं जागा चाचपून आकडा लिहिला,
एकेक अंक सुटा, मोठा,
पहिलीच्या मुलांना काढून देतात तसा.
'तारीख?'
'तारखा नाहीत,' बाबा म्हणाले.

मी तिसरी बादली ओतली.
माझ्या हातापासून वावभर अंतरावर
एकानं पाय पुढे धरून ब्रेक लावला,
घसरत घसरत बसला,
आणि कलेजीच्या तुकड्यावरून
शेजाऱ्याशी कचाकचा भांडू लागला,
बाजारातल्या बायांसारखा, पोट भरलेलं असताना.

परतीला वारा तोंडावर होता.
डॉक्टर कुडकुडत होते,
मी माझं जॅकेट काढून दिलं.
त्यांनी ते नाकापाशी नेलं,
बाबांच्या पाठीकडे बघितलं,
आणि काही न बोलता घातलं.