टांगेवान

पहिल्या घाण्याचं पाणी काळं झालं.
झाकण काढलं तर दौत सांडल्यासारखं पातेलं
आणि वर तरंगणारी पिठाची फाटकी टरफलं.
चेतना म्हणाली, फुटले.
मी म्हटलं, दिसतंय.

इंद्रायणी तांदूळ रात्रभर भिजवला होता,
पाट्यावर वाटला, फडक्यात बांधून
नळाला टांगला.
तिकडचा तांदूळ वेगळा असतो म्हणे,
मुळातच चिकट, बोट न सोडणारा.
तिने आणलेल्या पाकिटात पावसाळ्यातच पोरकिडे झाले
आणि नंदुरबारात तो मिळणार कुठे?
मंगळ बाजारात विचारलं तर दुकानदाराने
मैदा दाखवला. चायनीजला हाच लागतो, म्हणाला.

मग मी साबुदाण्याचा डबा काढला,
एकादशीचा उरलेला.
मिक्सरमधून पूड, वस्त्रगाळ, उकडीत तीन मुठी.
असं कुठे नसतं, चेतना म्हणाली.
मी म्हटलं, तुझ्या कॉलेजात नसेल.

कढत पाणी थोडं थोडं. तळहात भाजेस्तोवर मळायचं.
कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की झालं, म्हणे.
सहा वर्षं डॉक्टरकी शिकून आलेली पोर
पीठ माखल्या बोटांनी स्वतःचा कान दाबत उभी,
मग माझा.

सारणाचे तीळ तव्यावर तडतडले
तेवढ्यात खिडकीतून मिरचीचा खाट आला.
माघ महिना, गावाबाहेर पथारीच पथारी, लाल.
दोघी शिंकलो.
असेच शिंकत यायचे दिवाणजी.
तीस वर्षं मिरचीच्या पेढीवर हिशेब लिहिले.
(गाव म्हणायचं म्हणून मीही त्यांना दिवाणजीच म्हणायचे.)
शिंकेवरून कळायचं, कोपऱ्यावर आले, भाकरी टाकावी.

सुपडाजिजी दारात थबकली.
ताटात पांढरे गोळे, वाटीत काळे तीळ.
"भातना गोया, काया तीळ,
हाई ते दहावानं शे वं माय!
जित्ता मानसे खातंस का?"

माझा हात थांबला.
सकाळपासून मी तेच बघत होते
आणि बघत नव्हते.

चेतना त्यांच्या दहाव्याला नव्हती.
विमानं बंद होती.
ज्या शहराचं नाव मला अजून म्हणता येत नाही
तिथे बाराव्या मजल्यावर कोंडलेली.
भाच्याने नदीवरून फोन उंच धरला होता
आणि चित्र नेमकं पिंडावर अडकलं.

"त्याच संध्याकाळी, आई,
खानावळीच्या बाईने दाराबाहेर वाडगा ठेवला.
तिकडे दिव्यांचा सण होता.
घरची सगळी माणसं एकत्र राहावीत
म्हणून गोल खातात.
मी खाल्ले. सगळे खाल्ले."

हे तिने आज सांगितलं,
इतक्या वर्षांनी, जिजीच्या पुढ्यात,
लाटी वळता वळता, मान वर न करता.

जिजी बोलली नाही. पाट ओढून बसली.
पदराला हात पुसले, एक लाटी घेतली,
अंगठ्याने वाटी केली, सारण भरलं,
तोंड दोनदा चिमटलं.
दुसऱ्या घाण्यात एकही फुटला नाही.
माझ्या साबुदाण्यामुळे, असं मी म्हणते.

खाली बसलेले एकेक करून वर आले,
दुसऱ्या चुलीवर आलं-गुळाचं पाणी रटरटत होतं.
वाट्या तीनच भरल्या. चौथीकडे माझा हात गेला होता,
तो मी डावाकडे वळवला.

चिवट. दाढेला धरून बसतो,
घाईने गिळू म्हटलं तर गिळवत नाही.
"धीरे धीरे चाव, कोनी लई जात नही,"
लहानपणी हिला दिवाणजी म्हणायचे.
आज कोणी म्हटलं नाही.
आम्ही चावत राहिलो.
चेतनाच्या हनुवटीवर काळा ओघळ आला
तो तिने पुसला नाही
आणि मीही दाखवला नाही.

याला थांगयुआन म्हणतात, ती जरा वेळाने म्हणाली.
टांगेवान, जिजी म्हणाली,
आणि वाटी पुढे केली.
"आखो दोन दे. नागलीना व्हतीन का?"