दुसऱ्या गेटाजवळ

करारपत्र कन्नडात होतं.
रेणूनं वाचून दाखवलं, बोट ठेवत ठेवत,
पाचवीतल्या पोरीनं.
अकरा महिने, मग शेकडा दहा वाढ.
भिंतीत खिळे मारायचे नाहीत.
पाणी दोन दिवसांआड.
"बाडिगे म्हणजे भाडं, आई."
एवढं मला येत होतं. तरी मी मान हलवली.
यांचं नाव चुकलं होतं, भरमाणीचं बरमानी.
राहू दे की, म्हणाले,
भाडं तर मीच देणार, कुठल्याबी नावानं.

वडगावात भाडं निम्मं होतं
आणि मागांचा आवाज फुकट.
रात्री अकरापर्यंत खटखट खटखट,
रेणू त्या ठेक्यावरच झोपायची.
मी साड्यांना गोंडे बांधायची,
नगावर पैसे, शनिवारी रोख.
मग कोपऱ्यावर बार निघाला.
एकदा ट्यूशनहून येताना
कुणीतरी तिची वेणी ओढली.
एवढंच, असं तीच म्हणाली,
आणि रात्रभर केस कापून मागत बसली.

म्हणून इथं, टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ.
इथं रस्त्याला झाडं आहेत.
दिवे लागतात आणि लागलेलेच राहतात.
सकाळी व्हॅक्सिन डेपोकडे माणसं
काही काम नसताना चालत जातात.
पहिल्या आठवड्यात मला त्या शांततेनं झोप लागेना.

पगार बावीस. भाडं साडेनऊ.
मेंटेनन्सचे पाचशे वेगळे,
अंगडी अक्का एक तारखेलाच बेल वाजवतात,
हसतमुख, हातात वाटीभर चटणी.
गोंड्यांचं काम अजून मिळेल,
गठ्ठा न्यायला वडगावात यावं लागेल, म्हणाले.
बस बायकांना फुकट आहे,
वेळ फुकट नाही.
साडेतीनला शाळा सुटते,
घरात कुणीतरी पाहिजे.
त्यासाठीच तर घर बदललं.

मग यांनी ओव्हरटाईम धरला.
सकाळी सातला उद्यमबाग,
रात्री अकराला सायलेन्सर दाबून गाडी आत.
ही गल्ली यांनी अंधारातच पाहिलीय.
कुठलं कुत्रं भुंकतं, कुठलं नुसतं बघतं, ते ठाऊक.
झाडाला गुलाबी फुलं येतात, ते नाही.
रेणू सायकल शिकली
तेव्हा मी मोबाईलवर दाखवलं.
दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना
ताटावरच डोळा लागला.

गुरुवारी कारखान्याची लाईट गेली.
पाचला सोडलं सगळ्यांना.
मी गॅलरीत, वाळलेले कपडे काढत होते.
हे गेटातून चालत आत आले,
गाडी पंक्चर, शर्टावर लोखंडाची काजळी,
आणि दिवसाचा वॉचमन मल्लेशी
स्टूलवरून उठला.
"यार बेकु?"
कोण पाहिजे तुम्हाला?

यांना पटकन उत्तर सुचलं नाही.
खरंच सुचलं नाही, मी वरनं बघत होते.
माझ्या हातात यांचाच बनियन,
हाक मारायची तर घसा बसल्यागत.
तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातनं
रेणू सायकल आपटून धावली.
"नम्म अप्पा! अंकल, नम्म अप्पा!"
मल्लेशीनं जीभ चावली, कपाळाला हात लावला.

वर येऊन यांनी बराच वेळ हात धुतले.
मी म्हटलं, मनावर घेऊ नका.
"मनावर काय घ्यायचं?
विचारतोय म्हणजे लक्ष आहे त्याचं.
पाचशे वाया जाईनात."
आणि हसले. साबणाचा फेस काळाच होता.

चहा उकळेपर्यंत हे गॅलरीत उभे.
खाली रेणू गोल गोल फिरत होती,
दर फेरीला एक हात सोडून वर बघत.
"कसली झाडं ही?" यांनी विचारलं.
मला नाव माहीत नव्हतं.

सव्वासहाला फोन वाजला.
लाईट आली होती.