पान बारा

जून लागला की माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या
जांभळ्या होतात.
वर फुटपाथवर तुतीचं झाड आहे. त्याची फळं तुडवत
शेवटच्या वर्षाची पोरं खाली उतरतात,
हातात दोनशे पानं, डोळ्यांवर झापड,
आणि सगळ्यांना उद्याच हवं असतं.

तिबिलिसीत दुसरे बायंडर नाहीत असं नाही.
पण रात्री दहापर्यंत सरस गरम ठेवणारी
देइदा लामारा एकटीच. देइदा म्हणजे मावशी.
चोवीस वर्षं मी यांची मावशी आहे
आणि एकाचंही आडनाव मला पाठ नाही.
विषय पाठ होतात.
कणा शिवताना पानं आपसूक वाचली जातात,
निदान दुमडीजवळची.

गोचाचा पूल, प्लायवुडचा.
कॉम्प्युटर म्हणाला साठ किलो पेलेल.
एक्केचाळीसला कडकन मोडला, सगळ्या वर्गासमोर.
पान सत्तावन्नवर त्यानं लिहिलंय:
का मोडला, ते आम्हाला अजून समजलेलं नाही.
इतकं सरळ वाक्य
अभियांत्रिकीच्या पुठ्ठ्यात मी क्वचितच बांधलंय.

एलिसो नर्सिंगची. रात्रपाळीत हात किती वेळा धुतात
ते मोजायला गेली होती;
तिसऱ्या रात्री तिनं वहीत दुसराच रकाना आखला,
किती वेळा बसतात.
तो जवळजवळ कोराच आहे.
परीक्षकांनी विचारलं, हा विषयात कुठे बसतो?
ती म्हणाली, तेच तर. बसतच नाही कुणी.

वाखो, अर्थशास्त्र. कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याचा
सहा महिन्यांचा हिशेब मांडून त्यानं सिद्ध केलं
की पाव महाग व्हायला हवा.
भट्टीवाल्यानं नीट ऐकून घेतलं,
एक गरम पाव त्याच्या हातात ठेवला, फुकट,
आणि भाव तोच ठेवला.
हे निष्कर्षात आलेलं नाही.
मला त्यानं तो पाव तोडून देताना सांगितलं.

आणि नुत्सा.
डोंगरातल्या एका खेड्यात दोन उन्हाळे राहून
सात माणसांपुरती उरलेली एक बोली तिनं टिपून आणली.
बुधवारी संध्याकाळी मी ती बांधली.
हिरवं कापड, सोनेरी अक्षरं. रात्रभर वजनाखाली ठेवली.
गुरुवारी कुलूप काढायला आले
तर ही पायरीवर बसलेली, हातात एकच कागद.

पान बारा बदलायचंय, देइदा.
'सात' आहे तिथं 'सहा'.

कोण, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.
शेते. मेंढपाळ. रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून खोकतात ते.
मी सुरी घेतली. सरस अजून पुरता वाळला नव्हता.

मीही एकदा शेवटच्या वर्षाला होते, हे यांना ठाऊक नाही.
रेशमाचं रसायन. कोणत्या पाण्यात कोष उकळावा
म्हणजे धागा मऊ होतो पण जीव सोडत नाही.
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली, प्रयोगशाळा थिजली,
आणि लिहून झालेली तेहतीस पानं
एका रात्री पेटवून आम्ही चहा केला.
चहा चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू.
उरलं एक रीळ.

त्यातला वीतभर धागा घेतला. काळा संपला होता म्हणून,
दुसरं काही नाही.
दाभण घालताना नुत्सा म्हणाली,
पुढच्या पानांवर सगळीकडे 'शेते सांगतात' असंच आहे.
ते सगळं बदलायचं तर आज जमा होणार नाही.
मी म्हटलं, राहू दे.
कणा सारखा उसवला तर पुस्तक टिकत नाही.

ती गेली. पायऱ्यांवर तिच्या बुटांचे जांभळे ठसे,
वर जाणारे, एक अर्धवट.
जुनं पान बारा टेबलावरच राहिलं, सातवालं.
पाठकोरं आहे. दिवसाचा हिशेब त्यावर लिहीन म्हटलं.
अजून लिहिलेला नाही.