डबा

निवृत्तीच्या दिवशी शेडमधल्या पोरांनी
शाल दिली, नारळ दिला,
आणि तेल लावून पुसलेला जुन्या फिशप्लेटचा अर्धा तुकडा.
त्याचं काय करायचं, हे दोन वर्षं कळलं नाही.
आता तो मोहरीच्या उरावर ठेवतो.

भुसावळ, एप्रिल, पारा सेहेचाळीस.
कूलरच्या पाठीमागे, सावलीत,
केळीच्या क्रेटमध्ये दोन बोटं कोकोपीट,
त्यात मूठभर गांडूळखत चाळून.
वर बी, दाट, पण एकावर एक नाही,
गाडी यायच्या आधी फलाटावर माणसं उभी असतात तसं.
त्यावर ओलं गोणपाट. गोणपाटावर लोखंड.

पहिल्या खेपेला मी फार खाऊ घातलं.
छत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस,
काटा खाली गेला की हात शिवशिवतो.
युरियाचं पाणी, शेणाचं पाणी, ताकाचं पाणी,
कुणीतरी म्हणालं म्हणून गुळाचंसुद्धा.
चौथ्या दिवशी क्रेटमधून
विसरून राहिलेल्या डब्यासारखा वास.
कोंब आडवे. बुडाशी तपकिरी.

समोरच्या द्वारकाबाई भारंबे,
रावेरच्या बाजारात तीस वर्षं बियाणं विकलेल्या,
वाकून बघून म्हणाल्या,
“काय टाकलं रे भाऊ याच्यात?”
मी यादी सांगितली.
त्या हसल्या नाहीत, तेच लागलं.
“अरे, बी आपला डबा घेऊन येते घरून.
आधी त्याले तो खाऊ दे.
तू मधीच ताट काहून वाढतो?”

डबा मला समजतो.
बऱ्हाणपूरच्या अलीकडे, रात्री दोनला,
सिग्नल लाल असताना गुडघ्यावर उघडलेला:
कळण्याची भाकरी, ठेचा, घामेजलेला कांदा.
तेव्हा कुणी पंगतीला बोलावलं असतं
तर मी तरी कुठे गेलो असतो.

तेव्हापासून मोहरीला नुसतं पाणी.
नळ येतो पाचव्या दिवशी, औषधाच्या वासाचा;
रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवतो.
सकाळी खालच्या ट्रेमध्ये ओततो, डोक्यावरून नाही.
प्यायची तेवढं पितात,
उरलेलं अर्ध्या तासाने मी काढून घेतो.

मुळ्याच्या मुळांवर पांढरी लव दिसली
तेव्हा सगळं फेकायलाच निघालो होतो.
द्वारकाबाई म्हणाल्या, पाणी शिंपडून बघ.
बुरशी असली तर बसून राहील,
मुळं असली तर लाजतील.
शिंपडलं.
लाजली.

वाटाण्याचं वेगळं. तो लांब पल्ल्याचा.
दहाव्या दिवशी हिरवा जरा उतरतो,
डबा सरल्याची खूण.
मग केळीच्या सालीचं पाणी,
तीन दिवस मुरवून, फडक्यातून गाळून,
लोटाभर पाण्यात एक टोपण.
टोपण म्हणजे टोपणच.
हात अजून शिवशिवतो. डावा उजव्याला धरतो.

काल पहाटे दिवा लावला
तर लोखंड एका बाजूने उचललेलं.
खाली हजारेक पिवळे कोंब, माना वाकवून,
खांद्याला खांदा.
वर चार किलो,
पोटात घरून आणलेलं, तेही दाण्याएवढं.
मी गोणपाट काढलं आणि उगाच
थोडा वेळ बाजूला उभा राहिलो,
गाडी जाऊ देताना राहतात तसा.

चार दिवसांत उजेडाने हिरवी झाली.
कात्रीने कापून वाटीभर समोर नेऊन दिली.
द्वारकाबाईंनी भाकरीवर पसरली, वर तेलाची धार,
एक घास खाल्ला, डोळे मिटले.
“झणका आहे रे. काय टाकलं?”
काही नाही, म्हणालो.
त्यांचा विश्वास बसला नाही.