माईक कोणता होता

पुण्याहून एका पोराचा फोन आला.
अल्बम ऐकला म्हणाला, तीनदा, हेडफोन लावून.
माईक कोणता वापरला, काका?

सांगितलं त्याला नाव.
नांदेडच्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला,
जाळीला पोचा आलेला.
त्याचा आवाज उतरला.
त्याला वाटलं, मी काहीतरी लपवतोय.

लपवत नव्हतो रे.
फोनवर सांगता आलं नाही, एवढंच.

जालन्यात, जुन्या मोंढ्यामागं,
सरकीच्या रिकाम्या गोदामात आमची खोली.
भिंतींवर अठ्ठावीस वाकळा,
भोकरदनच्या बायांकडून शिवून घेतलेल्या,
आत जुनी लुगडी, तीन थर, कुठं चार.
वाकळ आवाज पुरता गिळत नाही,
थोडा चघळते
आणि उरलेला परत देते.

तिकडं एमआयडीसीत लोखंड वितळतं रात्रंदिवस.
त्याची घरघर तारेतून येते,
कानाला कळत नाही, रेकॉर्डिंगला कळते.
म्हणून ज्या रात्री भट्टी दुरुस्तीला थांबायची
त्या रात्री आम्ही बसायचो.
मे महिना. पंखा बंद.
लिंबाजी रेणुरावांच्या कोपरावरून घाम टपकायचा,
तोही आहे एका टेकमध्ये, नीट ऐकलं तर.

संबळ तापवायला ते अंगणात पुठ्ठे जाळायचे.
कातडं कानाशी नेऊन बोटानं त्याला काहीतरी विचारायचे,
उत्तर पटलं नाही की पुन्हा आचेवर.
मी घड्याळ बघायचो.
आता वाटतं, माझं अर्धं मिक्सिंग
त्या पुठ्ठ्यांच्या धुरातच झालं होतं.

गिरजाबाईंना माईकपासून वीतभर लांब बसवलं.
त्या आपणहून चार बोटं आणखी मागं सरकल्या.
म्हणाल्या, तोंडाला तोंड लावून कुणी गातं का?

चूक नंतर झाली. माझीच.
रात्री एकटा बसून मी त्यांचे श्वास कापले.
ओळीआधी आत ओढलेले,
पडक्या दातातून बारीक शीळ घालणारे,
एकशे चौदा,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
मग संबळ वर आणला, तुणतुणं वर आणलं,
सगळंच वर आणलं.
चमकायला लागलं, नव्या स्टीलच्या ताटासारखं.

गिरजाबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी धरून ऐकलं.
दुसऱ्या गाण्यात काढून मांडीवर ठेवले.
ही बाई कोण हाय? ही दमच घेत न्हाई.
ह्यो आवाज मपला न्हाई, बापू.
आणि मग, अगदी हळू:
मेलेली बाई गाती का कुठं?

लिंबाजी भिंतीकडं बघत होते,
वाकळेचे टाके मोजत असावेत.

श्वास परत लावायला तीन रात्री लागल्या.
कापलेले तुकडे फेकले नव्हते, नशीब.
कुठला श्वास कुठल्या ओळीचा
हे ऐकूनच कळायला लागलं:
मागणं असेल तर आखूड,
देवीचं नाव यायचं असेल तर लांब, पोटातून.
एकाची जागा मात्र सापडलीच नाही.
तो अजून कॉम्प्युटरात पडून आहे,
पाऊण सेकंदाचा, एकटा.

संबळ खाली आणला.
तुणतुणं डावीकडं सरकवलं, जिथं ते खरंच बसलं होतं.
मग काही वाढवावं लागलं नाही.
जागा मिळाल्यावर
ज्यानं त्यानं आपापले पाय पसरले.

शेवटी शफीकच्या ॲपेत लावून अंबडला गेलो.
स्पीकरचा कागद फाटलेला,
मागं सात माणसं आणि दोन शेळ्या.
कुणी वाहवा केली नाही.
एक म्हातारा बिडी पेटवता पेटवता थांबला,
काडी बोटापर्यंत जळत आली,
आणि गिरजाबाईंची ओळ सुरू व्हायच्या आधी
त्यानंच श्वास आत ओढला.

परवा त्या पोराचा मेसेज आला.
माईक मागवलाय म्हणे त्यानं. तोच.
कोरा करकरीत,
जाळीला एकही पोचा नसलेला.