दहा टोचण्या

क्लाक्सविकच्या इस्पितळात, बंदराकडच्या खोलीत
मार्यून बाही वर सारते.
स्वेटरला आतून सुती अस्तर.
"लोकर चावते," म्हणते, "बारा वर्षं झाली.
आधी मीच विणायचे."

मी नायलॉनचा तंतू काढतो, केसाएवढा,
मनगटावर टेकवतो, वाकेपर्यंत.
लागलं का?
ती माझ्याकडे अशी बघते,
जसं निखाऱ्याशेजारी बसून कुणी विचारावं
गरम होतंय का.

मग बोथट सुई. वजन दांड्यातच भरलेलं,
माझ्या हाताचा दोष यायला नको म्हणून.
सेकंदाला एक.
दोन, ती म्हणते. दोन. तीन.
पाच.
सहाव्याला बाहेर ट्रॉलर भोंगा देतो, ती दचकते;
ते दचकणं कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.
आठ. आठ.
नऊ.
सुई तीच. वजन तेच.

थांबल्यावरही ते थांबत नाही.
पंधरा सेकंद, तीस.
आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसतो.
सात, ती म्हणते, अजून सात.

बर्फाच्या पाण्यात डावा हात.
एकोणीस वर्षं कॉड साफ केलेले हात हे,
गार पाण्याला सरावलेले.
डोळ्यांतून पाणी येतं, पाण्यातून हात येत नाही.
एका दुखण्यानं दुसऱ्याला जरा गप्प करावं
अशी शरीराची रीत असते.
उजव्या अंगठ्यावर दाबयंत्र टेकवतो.
गप्प कुणीच होत नाही.

शेवटी प्रश्नावली. झोप. उजेड. साबणाचा वास.
लहानपणाबद्दलच्या प्रश्नापाशी पेन अडतं,
रिकामी चौकट सोडून पुढं जातं.
मीही विचारत नाही.

"म्हणजे मनाचंच ना? टोर्सहाव्हनचे डॉक्टर म्हणाले."
नाही.
दुधानं पोळलेला मज्जारज्जू आहे,
आता ताकही फुंकून पितो.
यात तुमचा खोटेपणा कुठं आला?

ती बाही खाली करत नाही.
"तुमचं किती येतं?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी माझी बाही वर सारतो, सुई तिच्या हातात देतो.
ती भरतकामाच्या सवयीनं नेमकी धरते.
दोन, मी म्हणतो.
दोन. दोन. दोन.
दहाव्याला फार तर अडीच.

तिचे ओठ आकड्यांबरोबर हलत राहतात.
"असं असतं होय,"
ती म्हणते,
आणि परत एकदा टोचून बघते.