काल म्हणजे पाय

सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईनं विचारलं,
"काल नोवु ऐतेनु, अक्का?"
मी म्हटलं, काल नाही बाई,
नऊ वर्षं झाली.

ती हसली. मग मीपण हसलो.
कानडी येत नाही असं नाही,
जन्म वडगावात गेला,
पण दुखतं तेव्हा कान आधी घरचीच भाषा ऐकतात.

एक्सरे तिनं खिडकीच्या काचेला धरला.
मागं लिंबाचं झाड हलत होतं, माझ्या हाडांतून.
"इथं बघा, फट."
डाव्या गुडघ्यात नखाएवढी.
उजव्यात तेवढीपण नाही.
गादी झिजली, म्हणाली.

झिजणं मला सांगायला नको.
एकतीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून बसलो,
खट् डावा, खट् उजवा,
पावडीचं लाकूड कसं झिजतं माहीत आहे,
कडेला नाही, मधेच,
टाच टेकते तिथं.

"नुसत्या मागानं नव्हे," म्हणाली,
"वय आहे, वजन आहे, आईचे गुडघे कसे होते?"
आई शेवटी भिंत धरून न्हाणीत जायची.
आम्ही म्हणायचो, सोंग करते.

मग मी सगळं सांगितलं.
निर्गुडीचं तेल, एरंडाचं पान,
खडेबाजारातला पट्टा, सहाशे रुपयांचा,
नणंदेनं सोडायला लावलेलं वांगं.
वांग्याचा काही संबंध नाही म्हणे.
नऊ वर्षं, बाई,
नऊ वर्षांची भरली वांगी!

"बरं होणार का?"
"इल्ल," म्हणाली. सरळ.
मला आवडलं ते.
"पण निम्मं होईल. बसून राहू नका.
त्या गादीला रक्ताची नळी नसते, अक्का,
तुमच्या हलण्यानंच तिला पाणी मिळतं."

गोळी रोज नाही, किडनीला बाधते.
जिना चढताना आधी बरा पाय,
उतरताना आधी दुखरा.
उजवा गुडघा जास्त, तर काठी डाव्या हातात.
मी आजवर उलटीच धरत होतो,
लोकांना दिसू नये म्हणून पदराच्या बाजूला.

व्यायाम शिकवला तो पोरगा गोकाकचा.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी,
दाबायचं, धरायचं,
ओंदु, एरडु, मूरु…
हत्तुपर्यंत.
आता घरात एकटा करतो तरी
गुडघा मराठीत मोजू देत नाही.

पहिले पंधरा दिवस काही नाही.
शिव्या दिल्या, दोन्ही भाषांत.
तिसऱ्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठलो
आणि परत येऊन झोपलो.
सकाळी आठवलं,
भिंत धरली नव्हती.

खरं अवघड वेगळंच होतं.
महिन्याची भिशी, रुक्माक्का उपरीकरच्या घरी,
सतरंजीवर अकरा बायका मांडी घालून.
मी कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली.
केवढा आवाज झाला तिचा!
"बसा बसा, तहसीलदारीणबाई," रुक्माक्का म्हणाली.
सगळ्या हसल्या.
मी बसलो.
उंचावरून सगळ्यांचे भांग दिसत होते, पांढरे.

पुढच्या महिन्यात हौसाक्काकडं गेलो तर
भिंतीला चार खुर्च्या.
कुणासाठी, कोण बोललं नाही.
चहाची कपबशी हातात घेऊन रुक्माक्का
इकडं बघत, तिकडं बघत
एका खुर्चीपाशी आली,
पाठीवर हात टेकला,
हळूच टेकली.

मी वाकून विचारलं, "काल?"
ती बशीत फुंकर मारत म्हणाली,
"आजपण."

मग चिठ्ठी काढली.
ह्या खेपेलापण माझं नाव निघालं नाही.